युरोपात चाकू किती सेंटीमीटरचा चालतो? स्टुटगार्टला निघालेल्या स्वयंपाक्याला सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात मांडते. साताऱ्याकडचा, हॉटेल मॅनेजमेंट केलेला एक तरुण स्वयंपाकी म्हणून तीन वर्षांच्या प्रशिक्षणाला, म्हणजे आउसबिल्डुंगला, जर्मनीत स्टुटगार्टला निघालाय. त्याला स्वतःचे चाकू न्यायचेत आणि रोज ट्रेनने ने-आण करायची आहे. नाताळात लंडनला मावसभावाकडे जायचंय, वाटेत पॅरिसला ओपिनेल नावाचा एक घडीचा चाकू घ्यायचाय. म्हणून तो विचारतो, की युरोपभर खिशात चालेल असा चाकू किती सेंटीमीटरचा? शिवाय रात्री शिफ्ट संपवून एकट्याने परतायचं, तर ‘जवळ काहीतरी असू दे’ असं घरचे म्हणतायत, त्याचं काय करायचं?

मी आधी लंडनमध्ये आणि आता बरीच वर्षं म्युनिकमध्ये स्वयंपाकघरात काम करते. वीस-बावीस सेंटीमीटरची पाती पाठीवर घेऊन मध्यरात्रीच्या ट्रेनमध्ये बसणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. मी वकील नाही. खाली लिहिते ते रोजच्या गरजेपोटी वाचलेलं, विचारलेलं आणि वापरलेलं आहे. हे नियम अलीकडे भराभर बदलतायत, तेव्हा निघायच्या आठवड्यात त्या त्या देशाच्या सरकारी पानावर एकदा नजर टाकाच.

‘किती सेंटीमीटर’ हा प्रश्न मला नवा नाही. इथे आलेला प्रत्येक मराठी मुलगा पहिला हाच विचारतो. आपल्या शस्त्र नियमांतही ९ इंच लांबी आणि २ इंच रुंदीचा आकडा आहे, आणि घरकामाची, शेतीची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. त्यामुळे आकडा कळला की काम झालं असं वाटतं. इथे सगळ्या देशांना मिळून चालेल असा आकडा नाही. युरोपियन युनियनचा ६ सेंटीमीटरचा नियम आहे, पण तो विमानाच्या केबिनपुरता. रस्त्यावरचा कायदा प्रत्येक देशाचा वेगळा, आणि जर्मनीत तर शहराशहराचा. बहुतेक ठिकाणी पोलीस तीन गोष्टी बघतात: चाकू कोणत्या बनावटीचा आहे, तुम्ही उभे कुठे आहात, आणि तो या घडीला तुमच्याजवळ का आहे. लांबी ही पहिल्या प्रश्नातली एक बाब झाली.

तुमचा ओपिनेलच घ्या. फ्रान्सच्या साव्हुआ प्रांतात १८९० च्या सुमारास जोसेफ ओपिनेल यांनी बनवायला सुरुवात केलेला हा लाकडी मुठीचा घडीचा चाकू. सगळ्यात जास्त खपतो तो ८ नंबर, पातं साडेआठ सेंटीमीटर. १९५५ पासून त्याला एक फिरती कडी आहे. पातं उघडल्यावर ती फिरवली की पातं अडकून बसतं. आता हाच चाकू खिशात घालून तीन देश फिरा. जर्मनीत घडीच्या चाकूंपैकी मनाई आहे ती एका हाताने उघडून आपोआप अडकणाऱ्यांना. ओपिनेल उघडायला दोन हात लागतात, म्हणून साध्या रस्त्यावर तो चालतो. फ्रान्समध्ये, म्हणजे त्याच्या माहेरीच, कुठलाही चाकू अंगावर बाळगायला ‘रास्त कारण’ लागतं. पाव, चीज आणि वाइनची बाटली घेऊन बागेत बसलात तर कुणी विचारणार नाही. तोच चाकू मोर्च्यात किंवा फुटबॉल स्टेडियमच्या दारात सापडला, तर कायद्यात एक वर्ष कैद आणि १५,००० युरोंपर्यंत दंडाची तरतूद आहे. आणि लंडन? तिथे तो दोन्हीकडून अडकतो. विनाकारण बाळगायची मुभा फक्त घडीच्या, पातं न अडकणाऱ्या आणि धारेची लांबी ३ इंचांपर्यंत, म्हणजे ७.६२ सेंटीमीटर असलेल्या चाकूला आहे. ८ नंबर लांबही आहे आणि अडकतोही. ६ नंबर लांबीत बसतो, पण त्यालाही कडी आहे. ५ नंबर आणि त्याखालच्यांना कडी नाही, ते चालतात.

म्हणून पॅरिसला घ्यायचाच असेल तर ५ नंबर घ्या, किंवा ८ नंबर परतीच्या वाटेवर घ्या. युरोस्टारला, म्हणजे पॅरिस-लंडन ट्रेनला, विमानतळासारखी तपासणी असते आणि त्यांची स्वतःची यादी आहे, ती तिकीट काढतानाच वाचा. विमानाने जाणार असाल तर चाकू निमूटपणे चेक-इन बॅगेत.

आता जर्मनी, कारण तुमचं रोजचं जगणं तिथे आहे. शस्त्र कायद्याचं ४२-अ कलम २००८ पासून लागू आहे. त्यानुसार १२ सेंटीमीटरपेक्षा लांब पात्याचा न मिटणारा चाकू आणि मघाशी सांगितलेला एकहाती अडकणारा चाकू बाहेर बाळगता येत नाही. तुमचा शेफ नाइफ २०-२१ सेंटीमीटरचा, म्हणजे उघड मनाईत. भाजी सोलायची ९ सेंटीमीटरची छोटी सुरी मात्र नाही. मनाईला दोन वाटा ठेवल्यात. एक म्हणजे ‘रास्त हितसंबंध’, आणि त्यात व्यवसाय स्पष्ट लिहिलेला आहे. दुसरी म्हणजे कुलूपबंद पेटीतून नेणं. इथे बारीक मेख आहे: चेन लावलेली बॅग ही बंद बॅग, कुलूपबंद नव्हे. नाइफ रोलच्या, म्हणजे चाकू गुंडाळून न्यायच्या पिशवीच्या, किंवा पेटीच्या चेनला दोन-तीन युरोंचं आकड्यांचं कुलूप लावलं की प्रश्न मिटतो. मी स्वयंपाकी आहे हे पटवून देणं जमतं, पण रात्री बाराला फलाटावर, नवशिक्या जर्मनमध्ये ते पटवायची वेळ कशाला आणायची? कुलूप तुमच्या वतीने बोलतं. नियम मोडल्यास दंड १०,००० युरोंपर्यंत होऊ शकतो आणि चाकू जातो तो जातोच.

२०२४ नंतर यात भर पडली. त्या वर्षी २३ ऑगस्टला झोलिंगेन शहराच्या ६५० व्या वर्धापन दिनाच्या उत्सवात चाकूहल्ला झाला, तीन माणसं गेली. शहर कोणतं, तर झोलिंगेन! ज्याच्या नावाचा शिक्का पात्यावर असला की स्वयंपाकी डोळे मिटून पैसे मोजतात, ते. तिथे बनलेल्या मालावरच हे नाव टाकता येतं, असा खास नियम आहे. हल्ल्यानंतर ऑक्टोबरअखेर कायदा कडक झाला. जत्रा, उत्सव, बाजार अशा सार्वजनिक कार्यक्रमांत आणि लांब पल्ल्याच्या ट्रेन-बसमध्ये चाकू बाळगायला मनाई आली, लांबी कितीही असो. बटण दाबून उघडणाऱ्या चाकूंवर जवळपास पूर्ण बंदी आली. शिवाय राज्यांना आणि शहरांना आपापले मनाईचे पट्टे आखता येतात आणि तिथे पोलीस संशय नसतानाही बॅग तपासू शकतात. स्टुटगार्टच्या मध्यवर्ती भागात असा पट्टा २०२३ पासूनच आहे. हांबुर्गने शहराच्या सगळ्या सार्वजनिक वाहतुकीत चाकूबंदी केली, बर्लिनही त्याच वाटेने गेलं.

मग आपण कामावर जायचं कसं? या मनाईतही व्यवसायासाठी नेणाऱ्याला आणि चाकू ‘पटकन हाताशी येणार नाही’ अशा रीतीने नेणाऱ्याला सूट असते. पटकन म्हणजे काय याचंही माप आहे: चाकूपर्यंत पोचायला तीनपेक्षा जास्त हालचाली लागल्या पाहिजेत. माझी रचना अशी: प्रत्येक पात्याला प्लास्टिकचं आवरण, चाकू रोलमध्ये, रोलचे पट्टे आवळलेले, चेनला कुलूप, आणि हे सगळं पाठपिशवीच्या तळाशी, वर अॅप्रन आणि बूट. नोकरीच्या कराराची एक प्रत पिशवीत आणि एक फोनमध्ये. तुमच्या बाबतीत प्रशिक्षणाचा करार आणि बेरूफ्सशूलेचं, म्हणजे व्यवसाय-शाळेचं ओळखपत्र ठेवा.

त्याहून सोपी गोष्ट म्हणजे चाकू कामाच्या जागी लॉकरमध्ये ठेवा. बहुतेक किचनमध्ये लॉकर असतो. घरी न्यायचे ते सुट्टीच्या आदल्या रात्री, दगडावर धार लावायला. महागडे चाकू कुणी लॉकरमधून काढून वापरेल ही भीती मला कळते, तरुणपणी मीही रोल उशाशी घेऊन झोपायचे. पण रोज ने-आण करायची म्हणजे रोज तपासणीची शक्यता अंगावर घेणं आलं.

एक गोष्ट सगळ्या देशांत सारखी, आणि नवे स्वयंपाकी हमखास इथेच चुकतात. व्यवसायाचं कारण हे घर ते काम आणि काम ते घर एवढ्याच रस्त्यापुरतं घट्ट असतं. शिफ्ट संपली, सगळे बिअरला निघाले, रोल पाठीवरच. मध्यरात्री बारमध्ये बसलेल्या माणसाजवळ पाच चाकू का आहेत, याचं उत्तर ‘मी शेफ आहे’ एवढ्याने पुरं होत नाही. बिअरला जायचं असेल तर रोल लॉकरमध्ये. आमच्या किचनमध्ये हा अलिखित नियम आहे आणि नव्या मुलांना तो पहिल्याच दिवशी ऐकवला जातो.

पोलिसांनी थांबवलं तर बॅगेत हात घालू नका, चेन उघडून दाखवायला जाऊ नका. हात मोकळे ठेवा आणि त्यांनी विचारायच्या आधी सांगा: ‘इश बिन कोख, माइने मेसर सिंड इन डेअर टाशे’. मी स्वयंपाकी आहे, माझे चाकू बॅगेत आहेत. एवढं वाक्य पाठ करून ठेवा. बॅग ते उघडतील किंवा तुम्हाला उघडायला सांगतील. मला आजवर जे पोलीस भेटले त्यातल्या बहुतेकांनी कुलूप पाहिलं, कामाचं ठिकाण विचारलं आणि शुभरात्री म्हटलं. तुमचा अनुभव नेमका असाच असेल अशी हमी मी देणार नाही. पट्टा कोणता, वेळ कोणती, समोरचा माणूस कोण, यावर बरंच ठरतं. सावळ्या रंगाच्या एकट्या तरुणाला बाईमाणसापेक्षा जास्त वेळा थांबवलं जातं, हे माझ्या किचनमधली मुलंच मला सांगतात.

लंडनला चाकूंचा सेट नेऊच नका, सुट्टीला कशाला हवाय? खिशातल्या चाकूचं वर सांगितलं. पण ब्रिटनमध्ये हा मामला जर्मनीसारखा दंडावर मिटत नाही, तो फौजदारी गुन्हा आहे. १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्याचं १३९ कलम. इंग्लंड-वेल्समध्ये कमाल शिक्षा चार वर्षं, दुसऱ्यांदा सापडलात तर प्रौढाला किमान सहा महिने. ‘योग्य कारण’ होतं हे सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर. कामाच्या जागी नेणं हे कारण चालतं, धार्मिक कारण चालतं (शिखांचं कृपाण), राष्ट्रीय पोशाखाचा भाग असेल तरी चालतं. स्कॉटिश माणूस लग्नात किल्ट घालून मोज्यात छोटा सुरा खोचतो, तो या तरतुदीवर. ‘बॅगेत राहून गेला, विसरलो’ हे मात्र स्वतःहून कारण होत नाही. गाडीच्या डिकीत ठेवलेला चाकूही रस्त्यावर असताना तुमच्याजवळच धरला जातो. आणि काही चाकू घरातही चालत नाहीत. बटणाचे चाकू २०२१ पासून, ‘झॉम्बी’ नावाने विकले जाणारे दातेरी सुरे सप्टेंबर २०२४ पासून, निन्जा तलवारी ऑगस्ट २०२५ पासून घरात ठेवणंही बेकायदा आहे. मावसभावाच्या भिंतीवर असलं काही शोभेला लटकत असेल तर त्याला सांगा.

मला विचाराल तर ब्रिटिश कायदा कठोर आहे, पण साफ आहे. तीन इंच, कडी नाही, विषय संपला. जर्मन कायद्यात कलमाला पोटकलम, पोटकलमाला अपवाद आणि अपवादाला शहराचा नकाशा. दंड सौम्य असला तरी डोक्याला ताप जास्त.

आता रात्रीचा प्रश्न. यात मी काहीही ‘परिस्थितीवर अवलंबून’ म्हणणार नाही. स्वतःच्या रक्षणासाठी चाकू बाळगतो, हे कारण ब्रिटनमध्ये चालत नाही, जर्मनीत चालत नाही, फ्रान्समध्ये चालत नाही. उलट हे वाक्य तोंडातून निघालं की बाकी सगळी योग्य कारणं त्याच क्षणी मोडीत निघतात. खिशात सफरचंद कापायची कायदेशीर सुरी असेल आणि तुम्ही पोलिसाला म्हणालात की ‘कुणी अंगावर आलं तर असावी म्हणून’, तर ब्रिटनमध्ये तुमच्याच तोंडाने ती हत्यार ठरली. चाकूंमध्ये आयुष्य काढलेली बाई म्हणून आणखी एक सांगते: झटापटीत चाकू कुणाच्या हातात राहील हे कुणी सांगू शकत नाही. घरच्यांना म्हणावं, रात्रीची शेवटची ट्रेन चुकली तर टॅक्सीचे पैसे बाजूला ठेवलेत. आई पेपर स्प्रे देईलच. जर्मनीत प्राण्यांपासून बचावासाठी म्हणून विकला जाणारा स्प्रे चालतो, तो तिथल्या दुकानातूनच घ्या. ब्रिटनमध्ये पेपर स्प्रे बंदुकांच्या कायद्याखाली बंदी असलेलं शस्त्र आहे, लंडनच्या प्रवासात तो बॅगेच्या तळाशीसुद्धा राहू देऊ नका.

बाकी युरोप तुमच्या वाटेवर नाही, म्हणून धावतं सांगते. डेन्मार्कमध्ये न अडकणारा, ७ सेंटीमीटरपर्यंतचा घडीचा चाकू चालतो. इटलीत लांबीपेक्षा कारण महत्त्वाचं. टोपली घेऊन रानात अळंबी गोळा करणाऱ्याच्या हातातला चाकू आणि मिलानच्या मेट्रोतला चाकू कायद्याला वेगळे दिसतात. स्पेनमध्ये घडीच्या चाकूला ११ सेंटीमीटरची रेघ आहे. पोलंड आणि चेकिया बरेच सैल. स्वित्झर्लंडची गंमत अशी, की तिथल्या सैन्यातला २००८ चा नवा चाकू एका हाताने उघडतो आणि अडकतो. स्विस सैनिकाचा तो सरकारी चाकू सीमा ओलांडून जर्मनीत विनाकारण खिशात ठेवला, तर ४२-अ कलमात बसतो. दुकानात मिळणारा साधा, ९१ मिलिमीटर मुठीचा, अनेक पात्यांचा लाल व्हिक्टोरिनॉक्स मात्र न अडकणारा आणि छोट्या पात्याचा. जर्मनी, ब्रिटन, डेन्मार्क तिन्हीकडे साध्या रस्त्यावर तो चालतो. ‘युरोपभर चालेल असा एक’ हवा असेल तर त्याच्याच सगळ्यात जवळ जाल. तरीही जत्रेत, स्टेडियममध्ये, मनाईच्या पट्ट्यात नाही, आणि फ्रान्स-इटलीत कारण हवंच.

एवढं वाचून वाटेल की इथल्या लोकांना चाकूचं वावडंच आहे. तसं अजिबात नाही. शेफिल्ड, झोलिंगेन, फ्रान्सचं तिएर, स्पेनचं अल्बासेते ही गावंच्या गावं पिढ्यान्‌पिढ्या पात्यांवर जगली. फ्रान्सच्या साव्हुआ आणि ओव्हेर्न्य भागांत जुनी माणसं अजून जेवायला बसताना खिशातून स्वतःचा चाकू काढतात, त्यानेच पाव आणि सॉसेज कापतात, पावानेच पुसून पुन्हा खिशात टाकतात. यजमानाने मांडलेला काटा-चमचा वापरतील, सुरी नाही. फिनलंडमध्ये पूक्को नावाचा लाकडी मुठीचा सरळ सुरा मानाची भेट म्हणून देतात. स्वीडनमध्ये मोरा गावचा साधा सुरा सुताराच्या आणि शाळकरी मुलांच्याही हातात दिसतो, मुलं त्याने काठ्या तासायला शिकतात. आणि तरी फिनलंड, स्वीडन, नॉर्वे तिन्हीकडे गावात, रस्त्यावर, सुरा कमरेला लावून विनाकारण फिरणं बेकायदा आहे. त्यांना यात विसंगती वाटत नाही. मासे साफ करायला, लाकूड तासायला, रानात जायला सुरा हवाच. बारमध्ये त्याचं काय काम? आमच्या बव्हेरियात लेदरहोझनच्या, म्हणजे पारंपरिक चामडी विजारीच्या, मांडीवर चाकूसाठी वेगळा खिसा शिवलेला असतो आणि ऑक्टोबरफेस्टच्या दारात मात्र चाकू आत जाऊ देत नाहीत. खिसा रिकामा ठेवून लोक मजेत नाचतात.

एक रीत लक्षात ठेवा, उपयोगी पडेल. कुणी चाकू भेट दिला तर फ्रान्समध्ये, जर्मनीतही, देणाऱ्याच्या हातावर एक नाणं ठेवायचं. नाहीतर मैत्री तुटते म्हणतात. मला माझ्या शेफने पहिला चांगला चाकू दिला तेव्हा तो हात पुढे करून उभाच राहिला, आणि मी बावळटासारखी शेकहँड केला. सगळं किचन हसलं.

राहता राहिलं सामान. महाराष्ट्र आणि बाडेन-वुर्टेमबर्ग (स्टुटगार्ट ज्यात येतं ते जर्मन राज्य) यांच्यात २०२४ मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार झाल्यापासून तुमच्यासारखी बरीच मुलं विचारतायत, की चाकू पुण्यातून घ्यावेत की तिकडे. तिकडे. कोणते चाकू लागतील याची यादी मालक किंवा शाळा देईपर्यंत थांबा, कित्येक ठिकाणी पहिला संच तेच देतात. सुरुवातीला एक शेफ नाइफ, एक छोटी सुरी आणि एक ब्रेड नाइफ पुरतो. पहिल्याच वर्षी वीस नगांची पेटी घेऊन येणाऱ्याकडे जुने स्वयंपाकी मिश्कीलपणे बघतात.

विळी मात्र घरून आणा. खोवणीसकट, घडीची, चेक-इन बॅगेत, पात्यावर जाड पुठ्ठा बांधून आणि चादरीत गुंडाळून. कस्टमवाल्याने क्ष-किरणात पाहून विचारलंच तर नारळ खोवायचा अभिनय करून दाखवायची तयारी ठेवा; माझ्या मैत्रिणीला फ्रँकफर्टला तो करावा लागला होता आणि त्यांना पटला.